नाडीपरीक्षा

गवत कमरेला लागलं की मला खाज सुटते. त्यासाठी गवतात पाऊल टाकायचीही गरज नसते. गॅलरीतून विहारामागच्या मैदानाकडे नुसतं बघितलं तरी पुरतं. गणपती होऊन गेलेले असतात. पाऊस दोन दिवस हजेरी लावून चार दिवस दांडी मारतो. दुपारचं ऊन मानेला चटके देतं, आणि मैदानातलं गवत वरून पिवळट, खालून हिरवंगार असं उभं असतं. सकाळी त्यावर दव असतं, संध्याकाळी त्याचे तुरे लालसर दिसतात. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, "किती सुंदर दिसतंय ना हो!" मी "हो ना" म्हणते आणि पोटरी खाजवते.

यंदाही तेच दिवस आले आहेत. गेल्या रविवारी माझी मुलगी मैत्री ऑफिसातल्या मंडळींबरोबर वाघोलीच्या पुढं कुठल्याशा टेकडीवर जाऊन आली. ती खराडीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते आणि आठवड्यातून पाच दिवस तिला ऊन दिसत नाही, त्यामुळे सहाव्या दिवशी निसर्गाची फार ओढ लागते. घरात शिरल्या शिरल्या तिनं फोन माझ्यापुढं धरला. फोटोत सात-आठ तरणीताठी माणसं गवतात उताणी पडून आकाशाकडे बघत होती.

"आई, काय व्हाइब होती तिथं, तुला सांगते!"

"अंघोळ केलीस?"

"अगं, मी फोटो दाखवतेय."

"आधी अंघोळ. कपडे बादलीत टाक, पलंगावर नको. पाणी कढत घे."

"तू ना, अशक्य आहेस," असं म्हणत का होईना, पण ती गेली. आमच्या घरात या बाबतीत वाद होत नाही. का होत नाही, तेच सांगायचं आहे.

चावणाऱ्या जिवांविषयी माझी काही मतं आहेत. विश्रांतवाडीत आमच्या इमारतीमागं मैदान आणि मैदानामागं नाला, त्यामुळे ही मतं ऐकीव नाहीत. डास त्यातल्या त्यात सभ्य. येतोय म्हणून निदान कळवतो. लाल मुंगीचा कारभार रोखठोक. तुम्ही तिच्या वाटेत पाय ठेवलात, ती चावली, विषय संपला. चिलटं चावत नाहीत, पण डोळ्यांपुढं अशी घुटमळतात की त्यापेक्षा चावलेली बरी. पिसू कधी सापडत नाही, नुसती तिची उडी कळते. आणि गोचीड एकदा बसली की बसली, कितीही हलवा, जागा सोडत नाही. मी सरकारी कार्यालयात बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे गोचीड मला परकी वाटत नाही.

या सगळ्यांना नावं आहेत. नाव असलं की माणूस शिवी तरी देऊ शकतो. पण गवतात आणखी एक असतं, त्याला आमच्याकडे नावच नाही. लालसर, सुईच्या टोकाएवढं, भिंग लावलं तरच दिसेल असं. हल्ली वर्तमानपत्रांत त्याला चिगर म्हणतात. पूर्वी मैदानातलं गवत न्यायला पारूबाई यायच्या. वाघोलीकडच्या एका वाडीत त्यांच्या चार म्हशी होत्या. एकदा त्या गवताचे भारे टेम्पोत चढवताना पायाला करंजाचं तेल चोळत होत्या. मी विचारलं, हे कशाला?

"गवतातलं लागू नये म्हनून," त्या म्हणाल्या.

"गवतातलं म्हणजे काय?"

"गवतातलं म्हंजी गवतातलं. लाल आसतंय, बारीक. दिसत बी न्हाई. त्याला काय नाव न्हाई आमच्यात. पर हाय."

मी हसले होते. काय नाव नाही, पर हाय. त्या दिवशी ते वाक्य मी ऑफिसात दोघीतिघींना सांगितलंसुद्धा, गंमत म्हणून.

आमच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. तीन महिने रोज संध्याकाळी वंदना, मग ग्रंथवाचन, मग चर्चा, आणि चर्चेनंतर चपला शोधणं. खिडक्यांना जाळ्या आहेत, पण दार उघडं ठेवावं लागतं, आणि नाल्यावरचे डास दारातूनच येतात, रीतसर. पंचशील म्हणताना सगळ्यांचे हात जोडलेले असतात. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. नेमक्या त्याच ओळीला डास दंडावर बसतो. लहानपणापासून मी बघत आलेय, त्या ओळीच्या वेळी सभागृहात एक बारीक चुळबुळ होते, खांदे उडतात, कोपर हलतात, पण टाळी वाजत नाही. पाचवं शील संपून हात सुटले, की मग मागच्या रांगांतून फटाफट आवाज येतात. एवढी पाच मिनिटं तरी आम्ही निष्ठेनं पाळतो.

माझे बाबा मात्र नंतरही मारत नसत. दंडावर डास बसला की ते त्याच्याकडे बघत आणि हलकी फुंकर मारत. डास उडून शेजारच्या माणसावर बसे. "बाबा, हे काही अहिंसेत बसत नाही," मी एकदा म्हणाले. "मंग त्यायनंबी फुंकावं ना," बाबा म्हणाले.

बाबा अकोल्याकडचे. दीक्षा झाली तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. नोकरीसाठी पुण्यात आले, कारखान्यात राबले, आम्हाला शिकवलं. पुण्यात पन्नासेक वर्षं काढून त्यांची मराठी चांगली शहरी झाली, पण राग आला, लाज वाटली किंवा माया दाटली की खालून वऱ्हाडी वर येते. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात विहारामागच्या मैदानाचा ताबा घेतला. कोणी दिला नव्हता, त्यांनी घेतला.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता असते. त्या दिवशी खीरदान असतं आणि सगळी वस्ती त्या मैदानात पंगतीनं बसते. म्हणजे त्याआधी गवत निघायला हवं. कमिटी म्हणे मशीन लावू. बाबा म्हणत, मशीन नुसतं वरचं कापतं, बुडखे राहतात, पोरांच्या पायाला टोचतात. मग ते स्वतः विळा घेऊन सकाळी उतरत. त्यांची पद्धत ठरलेली. उकिडवं बसायचं, डाव्या हातात मूठभर गवत धरायचं, उजव्या हातानं बुडातून विळा ओढायचा, मूठ बाजूला टाकायची आणि बसल्या बसल्याच एक पाऊल पुढं सरकायचं. उभं राहायचं नाही. त्यांच्या मागं मैदान हजामत केल्यासारखं स्वच्छ होत जाई. दमले की ते तिथंच गवतावर बसत, भाऱ्याला टेकत, सदऱ्याच्या खिशातून बडीशेप काढून खात. भारा बांधला की पोटाशी धरून उचलत आणि नाल्याकडच्या फाटकाशी नेऊन ठेवत. अंगावर पांढरा सदरा आणि नाडीचा पायजमा. कापलेल्या गवताचा तो वास अजून आला की मला त्यांची ती ओणवी, घामानं भिजलेली पाठ दिसते. त्या वासात मला फार सुख वाटायचं. वडील आपल्या घरी आहेत, कामात आहेत, बरे आहेत, असं सगळं त्या वासात होतं.

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी गवत कापून झाल्यावर पाच-सहा दिवसांनी बाबांनी मला कापसाचा बोळा आणि खोबरेल तेल मागितलं.

"कशाला?"

"काही नाही. नाडी काचली."

नाडी काचणं हे काही दुखणं नव्हे. पावसाळी हवेत पायजम्याची सुती नाडी नीट वाळत नाही, कडक होते, घामानं घासते, काचते. मी त्यांना तेल दिलं. एवढंच नाही, मी हुशारी केली. रविवारी सकाळी त्यांच्या तिन्ही पायजम्यांच्या जुन्या नाड्या ओढून काढल्या आणि बाजारातून मऊ, रुंद नाडी आणून सेफ्टी पिनेनं एकेका नेफ्यात ओवली. तासभर गेला त्यात. "आता नाही काचणार," मी म्हणाले. बाबांनी नाडी बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, "चांगली आहे." मला बरं वाटलं. वडिलांचं दुखणं कळलं आणि आपण ते दूर केलं, याचं जे समाधान असतं ते मी पुरेपूर घेतलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी त्यांना ताप भरला.

भाद्रपद-आश्विनात पुण्यात ताप येणं म्हणजे घरी पाहुणे येण्यासारखं आहे. कोणी दचकत नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं. डेंग्यू नाही. मलेरिया नाही. वस्तीतल्या लोकांनी तोवर आपापली मतं दिली होती. पपईच्या पानांचा रस झाला, किवी झाली, कोणी बकरीचं दूध सुचवलं. बाबा रस पीत आणि तोंड कडू करून म्हणत, "ताप उतरून राहिला." उतरत नव्हता. डोकं इतकं दुखे की डोळे मिटून ते भिंतीला कपाळ लावून बसत, भिंत गार लागते म्हणून. सहाव्या दिवशी त्यांना धाप लागली. बोलताना एका वाक्याची दोन वाक्यं व्हायला लागली, तेव्हा मी रिक्षा बोलावली.

घरात आम्ही दोघीच होतो, मी आणि मैत्री. मैत्रीचे बाबा तेव्हा बदलीवर नांदेडला होते, निघाले होते पण पोचले नव्हते. हे सांगायचं कारण, पुढं जे झालं ते त्यामुळं झालं. वडिलांना कपडे बदलायला मदत करणारा पुरुष घरात नव्हता. ते स्वतःच बाथरूममध्ये जात, कडी लावत, भिंतीला धरून कपडे बदलत आणि बाहेर येत. मी दाराबाहेर उभी राहून "बाबा, झालं का?" एवढंच विचारी. आतून "हाव" असा आवाज आला की हुश्श करी. तिशीची होईपर्यंत आईनं माझी वेणी घातली, पण वडिलांचं उघडं पोट मी कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे तसं नसतंच. बाबा घरात बनियनवरही बसत नसत.

हॉस्पिटलात सकाळच्या फेरीला एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. यवतमाळकडच्या. त्यांनी कागद वाचले, बाबांकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या. बसणारा डॉक्टर दिसला की मला आधी भीती वाटते.

"काका, शेतात वगैरे गेला होतात?"

"पुण्यात कायचं शेत?" बाबा म्हणाले.

"काही चावलं होतं का?"

"नाही."

हे खोटं नव्हतं. बाबांच्या हिशेबी चावणं म्हणजे साप किंवा विंचू. बाकीचं सगळं नुसतं अंगावर बसतं.

"अंगावर कुठं काळी खपली आहे का? सिगारेटचा चटका बसल्यासारखी?"

"मी सिगारेट पीत नाही," बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाबांचे हात पाहिले, पाठ पाहिली, काखा पाहिल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर सारून पाय पाहिले. नंतर त्यांनी सदरा थोडा वर करायला सांगितलं तर बाबांनी दोन्ही हात पोटावर ठेवले. "तिथं काही नाही," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती, पण हात घट्ट होते.

मी बाईंच्या मागं दारापर्यंत गेले. त्या हळू आवाजात सांगू लागल्या. प्लेटलेट उतरताहेत. फुप्फुसांत सुरुवात झालीय. आज दुपारपर्यंत असंच राहिलं तर अतिदक्षता विभागात हलवावं लागेल. मला एका तापाची शंका येतेय, आमच्या भागात या दिवसांत दिसतो. गवतात एक बारीक जीव असतो, त्यापासून होतो. वेळेत कळलं तर साध्या औषधानं बरा होतो. "ते अंगावर चढतं आणि कपडा जिथं घट्ट बसलेला असतो तिथं अडतं. तिथंच चावतं. चावलेलं कळत नाही, दुखत नाही. नंतर खपली धरते. मी औषध आजच सुरू करणार आहे, पण ती खपली दिसली असती तर खात्री झाली असती."

कपडा जिथं घट्ट बसलेला असतो.

पारूबाईंचा पाय, करंजाचं तेल, गवतातलं. आणि मी सेफ्टी पिन घेऊन तासभर बसले होते.

"डॉक्टर," मी म्हणाले, "ते नाडी काचली म्हणत होते."

त्या वळल्या, सरळ पलंगापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "काका, नाडी बघू द्या."

बाबांनी हात पुढं केला. मनगट वर करून, आदबीनं.

त्यांना खरंच तसं वाटलं की वेळ मारून नेत होते, मला आजतागायत कळलेलं नाही. नंतर कितीदा विचारलं, ते नुसते हसतात. डॉक्टरीणबाईंनी मात्र ते मनगट हातात घेतलं. खरोखरच नाडी पाहिली, अर्धा मिनिट, घड्याळाकडे बघत. मग हात खाली ठेवून वऱ्हाडीत म्हणाल्या, "ही पाह्यली आजोबा. आता ते दुसरी."

बाबांनी मान वळवली. "पोरगी आहे इथं," ते म्हणाले.

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर आग लागल्यास काय करावे याच्या सूचना होत्या. त्या मी तीनदा वाचल्या. मागं कापड सरकल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही बघायला हवं हे. पुढं घरी लक्ष ठेवावं लागेल." मी हलले नाही. बाबांचा आवाज आला, दमलेला.

"वळ वं बाई. पाह्यून घे."

मी वळले. वडिलांचं पोट गोरं होतं. त्यांचे हात, मान, तोंड उन्हानं रापलेलं, आणि पोट मात्र लहान मुलासारखं मऊ, बिनसुरकुतीचं. उजव्या बाजूला, बरोबर नेफा जिथं येतो तिथं, मसुराच्या दाण्याएवढी काळी खपली होती, भोवती लाल कडं. एवढीच. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरलेले होते. तापानं असेल. माझेही भरले होते, आणि मला ताप नव्हता.

औषध त्याच तासाला सुरू झालं. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. मैत्रीचे बाबा तोवर येऊन पोचले होते आणि कपड्यांचं सगळं त्यांनी हातात घेतलं होतं. ताप उतरल्यावर बाबांनी पहिली गोष्ट काय मागितली, तर बडीशेप.

घरी आल्यावर मी त्यांना रागावले. मनापासून, तार स्वरात. एवढं होतं तर बोलायला काय झालं होतं? खपली आलेली तुम्हाला दिसत नव्हती? बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सांगितलं ना तुले," ते म्हणाले. "नाडी काचली म्हणून सांगितलं." ते खरं होतं. त्यांनी त्यांच्या लाजेत बसेल एवढं सगळं सांगितलं होतं. उरलेलं मी विचारायला हवं होतं, आणि मलाही माझी लाज होती. मी नाडी विकत आणली. नाडी बदलणं सोपं होतं.

त्या वर्षीचं खीरदान बाबांनी गॅलरीतून बघितलं. एक शाल, एक खुर्ची आणि खाली पंगती. पोरं त्या स्वच्छ मैदानात मांडी घालून बसली होती. बाबा म्हणाले, पूर्वी भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने चालत नसत. एका जागी राहत. गवत वाढलेलं असतं, पायाखाली बारीक जीव येतात म्हणून. "हे तीन महिने त्यायचे आहेत. मीच घाईनं गेलो त्यायच्या घरात विळा घेऊन." त्या किड्यावर त्यांचा राग नव्हता. त्याला काय माहीत मी कोण, असं ते म्हणत. माझा होता. माझा अजून आहे. मी काही भिक्खू नाही.

दिवाळीपर्यंत अंगात ताकद आल्यावर बाबांनी मैदानाच्या फाटकावर एक पाटी लावली. पत्र्यावर पांढऱ्या रंगात, स्वतःच्या अक्षरात:

"गवत बसण्यासाठी नाही. बसल्यास घरी जाऊन गरम पाण्याने अंघोळ करावी. ताप आल्यास लाजू नये. डॉक्टरांना कंबर दाखवावी."

पन्नास वर्षांत माणूस पुणेकर होतो का, या प्रश्नाचं उत्तर माझ्या दृष्टीनं त्या पाटीवर आहे. चार दिवसांत खाली कोणीतरी खडूनं लिहिलं, "कोणाची?" कमिटीनं पुसायचं म्हटलं. बाबांनी पुसू दिलं नाही. म्हणाले, राहू द्या, निदान वाचलंय त्यानं. पाटी अजून आहे. रंग उडाला आहे, "लाजू नये" एवढं मात्र ठळक दिसतं.

आता बाबा ऐंशीच्या पुढं आहेत. मैदानात उतरत नाहीत. गवत मशीननं कापतात आणि बुडखे राहतात. आतल्या खोलीत पलंगावर बसून ते मशीनचा आवाज ऐकतात आणि नाराजीनं मान हलवतात. कानानं कमी ऐकू येतं, टीव्ही इतका मोठा लावतात की बातम्या फाटकापर्यंत पोचतात. पण या दिवसांत घरात काही नियम आहेत आणि ते त्यांनीच केलेले आहेत. गवतात जाताना पायघोळ विजार, तिची टोकं मोज्यात. पायाला करंजाचं तेल. खाली बसायचं असेल तर पोतं घालून. आल्यावर कपडे बादलीत, अंग कढत पाण्यानं चोळून, आणि मग घरातल्या कोणीतरी मान, पाठ, गुडघ्यामागं बघायचं. बाबा स्वतः कुठंच जात नाहीत, तरी दर रविवारी जावयाला बोलावून सदरा वर करतात आणि म्हणतात, "पाहा बरं." आता त्यांना लाज वाटत नाही. खरं तर मला वाटतं, त्यांना ते आवडतं.

परवा मशीन फिरून झालं. मी निवृत्त झाल्यापासून मैदानाचं काम बघते. कापलेलं गवत दाताळ्यानं ओढून ढीग लावले. मोजे चढवले होते, तेल चोळलं होतं, सगळं केलं होतं. घरी येऊन अंघोळ केली. संध्याकाळी जेवणाआधी भाजी निवडत बसले होते आणि हात सारखा घोट्याशी जात होता. मैत्री समोर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनं मान वर केली.

"काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हणाले. "मोजा काचलाय."

आतल्या खोलीतला टीव्हीचा आवाज बंद झाला. 'काचलाय' एवढं त्यांना बरोबर ऐकू जातं.

"मोजा नसते काचत," बाबांचा आवाज आला. "पाय दाखव तिले."

मैत्री केव्हाच उठली होती. तिनं लॅपटॉप बाजूला ठेवला, माझ्यासमोर खाली बसली आणि मांडीवर हात थोपटला. लेकीच्या मांडीवर पाय ठेवायला मला जीवावर आलं. साठीला आलेय, टाचांना भेगा आहेत, नखं कापायची राहिली होती. "अगं राहू दे, मी बघते चष्मा लावून," मी म्हणाले. तिनं पाय ओढून घेतला आणि फोनचा टॉर्च लावला.

"सैल सोड ना आई."

मी सोडला. तिनं घोटा पाहिला, बोटांमधल्या खाचा पाहिल्या, पोटरी फिरवून पाहिली. तिची बोटं गार होती. ती इतक्या बारकाईनं बघत होती की मी श्वास धरून बसले. मग तिनं टॉर्च बंद केला.

"आजोबा," ती आतल्या दिशेनं ओरडली, "खरंच मोजा काचलाय! इलॅस्टिकचे वळ आहेत फक्त."

"मंग उद्या अजून एकदा पाह्यजो," बाबा म्हणाले, आणि टीव्ही लागला.